ऑर्म्सलीचा तिसरा मजला

सहलीच्या यादीत सातव्या ओळीवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं : विल्फ व आयडा कार्टलेज. अक्षर आयडाचं होतं. विल्फनं चष्मा काढून स्वेटरला पुसला, परत घातला आणि कागदाचा मथळा पुन्हा वाचला. शनिवार, नऊ मे. ऑर्म्सली हॉलचे अवशेष. बस चॅपलसमोरून दहाला सुटेल, डबा ज्याचा त्यानं आणावा. हातातला कप त्यानं खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिला. चॅपलच्या मागच्या खोलीत नेहमीसारखा बुधवार चालला होता. मोठ्या किटलीची वाफ, दमट कोटांचा वास, कोपऱ्यात डॉमिनोच्या सोंगट्यांची टकटक. एना पॅशली बिस्किटांची ताटली घेऊन त्याच्याजवळ आली. चॅपलच्या सहली, चहा आणि भांडणं हे सगळं तीच बघायची. "काय रे, नजर लावतोस का यादीला?" ती म्हणाली. "नाव आहे तुझं. बायकोनं पुढची जागा मागून घेतलीय. मागं बसलं की तिला मळमळतं म्हणे." विल्फ म्हणाला, "हो, मळमळतं." एना म्हणाली, "नुसत्या भिंती आहेत म्हणतात तिथं. पण जुनी घरं सांभाळणाऱ्या ट्रस्टवाल्यांनी गवत छान राखलंय. आपल्याला काय, बसून सँडविच खायचं." त्यानं एक बिस्कीट उचललं आणि तोंडात घातलं. ते चुन्यासारखं लागलं. जिभेला, टाळ्याला, घशाच्या तळापर्यंत चुना. ती चव त्याला बत्तीस वर्षांत विसरता आली नव्हती.

घरी जाताना बसच्या वरच्या मजल्यावर तो एकटाच होता. खाली दरीत ज्या कारखान्यात त्यानं अठ्ठावीस वर्षं पोलादी सळ्या बांधल्या, त्याची एक बाजू पाडून झाली होती. उरलेल्या भिंतीवर तिसऱ्या मजल्याचं हात धुवायचं भांडं तसंच लटकत होतं, खाली जमीन नसलेलं. शेफील्डमध्ये त्या सुमाराला जिकडेतिकडे हेच चाललं होतं, आणि लोक थांबून थांबून बघायचे. विल्फ कधी थांबायचा नाही. इमारत कशी पाडतात हे त्याला माहीत होतं. वरून खाली यायचं. आधी छपरावरचं शिसं, मग दगडी पाट्या, मग फळ्या, मग तुळया. जे विकलं जाईल ते आधी. आणि तुळईचं टोक कापलं की दाराला दोन फळ्या आडव्या ठोकायच्या आणि सगळ्यांना ओरडून सांगायचं. एवढा एकच नियम होता, बाकी सगळं ज्याच्या त्याच्या अकलेवर. त्यानं डोळे मिटले. ऑर्म्सली. हे नाव त्याच्या घरात कुणी उच्चारत नसे. तसं ठरवलेलं नव्हतं. १९५८ साली आयडाशी लग्न झालं तेव्हा तिच्या पेटीत पहिल्या नवऱ्याचा, क्लेमचा, एकही फोटो नव्हता. क्लेमच्या थडग्यावर दगड नव्हता. तिनं त्याचं नाव कधी काढलं नाही, यानं विचारलं नाही, आणि त्या न बोलण्यावरच त्यांचा संसार उभा राहिला. विल्फनं त्याचा अर्थ आपल्यापुरता लावून ठेवला होता : तिला क्लेमचा राग आहे. दारू पिऊन मेलेल्या नवऱ्याचा चॅपलमधल्या पोरीला राग येणारच. त्या रागावरच विल्फ जगला होता. तो राग त्यानंच तिला दिला होता.

आयडा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिचे हात लालसर, बोटांची पेरं सुजलेली. आत येऊन त्यानं कोट खुर्चीवर टाकला, जो ती रोज उचलून खुंटीला लावायची. आज तिनं उचलला नाही.

"यादीत नाव घातलंस," तो म्हणाला.

"घातलं."

"कुठं जाताहेत माहीत आहे?"

"मला माहीत नसेल तर कुणाला असेल?" तिनं बटाट्याचा एक डोळा सुरीच्या टोकानं काढला. "अठ्ठावन्न पूर्ण झाली मला, विल्फ. एकदा बघायचंय. तेव्हा मला कुणी नेलं नाही, आणि मीही कुणाला ने म्हटलं नाही. तुला यायचं नसेल तर नको येऊस."

"असं कुठं म्हटलं मी."

"तू कधी काय म्हणतोस," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता.

मधले दहा दिवस विल्फचे कसेतरी गेले. मागच्या पडवीत बसून तो खिळे सरळ करायचा, वाकडे खिळे, जे कुणालाच नको होते. हातोडीचा एकेक ठोका आणि मधल्या शांततेत ऑर्म्सलीचं ते घर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पूर्ण उभं होतं. लांबलचक राखाडी दगडी अंग, सत्तर-ऐंशी खिडक्या, आणि लढाईत तिथं राहिलेल्या शिपायांनी जिन्याच्या कठड्यावर कोरलेली पोरींची नावं. मालकाचा वंश संपला होता आणि लांबच्या वारसाला घर नको होतं. त्यानं ते दगडालाकडाच्या भावानं ठेकेदाराला विकून टाकलं. ते पाडायला दहाजणांची टोळी होती. बॅगशॉ मुकादम. विल्फ आणि क्लेम स्टॅनिफर्थ यांची जोडी, कारण दोघं एकाच गल्लीतले, एकाच लॉरीतून येणारे. क्लेम उंच, लालसर केसांचा, चॅपलमध्ये मोठ्यांदा आणि बेसूर गाणारा. दारूला शिवणार नाही अशी चॅपलमध्ये शपथ घेतलेला, आणि त्यावरून टोळीनं रोज टिंगल केली तरी हसत राहणारा. चौदा महिन्यांपूर्वी त्याचं आयडाशी लग्न झालं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो मोठ्या दिवाणखान्यात, जिथं छताऐवजी आभाळ आलं होतं, मधोमध उलट्या बादलीवर बसायचा आणि म्हणायचा, "बटलर, आज सूप गार आहे." विल्फ हसायचा. हसता हसता त्याला वाटायचं, याच्या डब्यात आयडानं भाजून दिलेली मांसाची पाई आहे आणि माझ्या डब्यात आईनं चरबी लावून दिलेला पाव. त्याहून जास्त काही त्यानं कधी मनात येऊ दिलं नव्हतं. निदान तेव्हा तरी नाही, असं तो स्वतःला सांगत आला होता. पण आता पडवीत बसल्यावर त्याला त्याचीही खात्री देता येईना.

नोव्हेंबरातला एक मंगळवार. चारलाच अंधारून आलं. तिसऱ्या मजल्यावर मुलांच्या खोलीत विल्फनं तीन तुळयांची टोकं भिंतीलगत कापली, म्हणजे दुसऱ्या दिवशी साखळी लावून त्या ओक लाकडाच्या तुळया ओढून काढता येतील. वरच्या फळ्या तशाच होत्या. वरून बघणाऱ्याला जमीन धडधाकट दिसत होती. पिशवीत खिळे उरले नव्हते. खाली लॉरीनं भोंगा वाजवला. सकाळी ठोकू, असं म्हणून तो खाली आला. इतकंच. पुढं कितीही वेळा आठवलं तरी त्या क्षणी मनात दुसरं काही नव्हतं, फक्त थंडीनं कान दुखत होते.

सकाळी बॅगशॉनं त्याला अंगणात शिसं लॉरीवर चढवायला लावलं. क्लेमचा गाल सुजलेला होता. दाढ. कोटाच्या खिशातून त्यानं चपटी बाटली काढून विल्फला दाखवली. "व्हिस्की, लेका. बघ, किती खाली आलो मी." त्यानं कापसाचा बोळा भिजवून दाढेत दाबला, तोंड वाकडं केलं, बाटली खिशात घातली आणि पहार घेऊन आत गेला. थोड्या वेळानं जिन्याच्या खिडकीतून त्याचा आवाज आला, बोळ्यामुळं जाडसर झालेला : "विल्फ, मुलांच्या खोलीतल्या भिंतीतली शेगडी काढायला घेतो रे." आणि विल्फला आठवलं. तेव्हा क्लेम पहिल्या मजल्यावर होता. हाक मारायची होती. बॅगशॉ चार हातांवर उभा होता. हाक मारली असती तर का मारली ते बॅगशॉला कळलं असतं. विल्फनं हातातली शिशाची गुंडाळी हळूच खाली ठेवली. आवाज न करता वर जावं, त्याला कानात सांगावं, कुणाला कळायचं नाही. तो चालत निघाला. पळाला नाही. पळाला असता तरी कळलं असतं. तो जिना चढू लागला आणि वर ते सगळं झालं. आवाज आधी लाकडाचा, मग दगडाचा, मग कसलाच नाही. चुन्याचा ढग जिन्यावरून खाली आला आणि त्याच्या उघड्या तोंडात शिरला.

बॅगशॉ आला तेव्हा विल्फ क्लेमजवळ गुडघ्यांवर बसला होता. बॅगशॉनं वर पाहिलं, तुळयांची कापलेली टोकं पाहिली, विल्फकडं पाहिलं. क्लेमच्या खिशातली बाटली फुटली नव्हती. त्यानं ती काढली, बूच उघडलं, क्लेमच्या गळपट्ट्यावर आणि छातीवर ओतली, आणि रिकामी परत खिशात सारली. "प्यायला होता," बॅगशॉ म्हणाला. "तू पाहिलंस ना, पोरा?" विल्फच्या तोंडात चुना होता. तो थुंकला आणि म्हणाला, "पाहिलं." आठवड्यानं चौकशीत, टेबलावर ती रिकामी बाटली ठेवलेली असताना, त्यानं तेच पुन्हा सांगितलं. समोर बाकावर आयडा बसली होती, काळ्या हॅटमध्ये. तिनं बाटलीकडं पाहिलं आणि मान खाली घातली ती वर केलीच नाही. विल्फला वाटलं, शरमेनं.

शनिवारी ऊन होतं. बसमध्ये एनानं गाणी म्हणायला लावली. आयडा खिडकीशी बसून बाहेर बघत होती, मांडीवर सँडविचचा डबा धरून. ऑर्म्सलीचं फाटक नवीन होतं. पलीकडं गवत, आणि गवताच्या टोकाला ते. चार भिंतींपैकी अडीच भिंती उरल्या होत्या. क्लेमनंतर ठेकेदारानं काम सोडलं, कुणी परत आलं नाही, आणि पुढची तीस वर्षं पावसानं, थंडीनं आणि कबुतरांनी उरलेलं पाडलं. आता ट्रस्टनं भिंतींना लोखंडी टेकू दिले होते. खिडक्यांमधून आभाळ दिसत होतं. एवढंसं होतं का हे, असं विल्फला वाटलं. मग नजर वर गेली. उत्तरेच्या भिंतीवर एकाच रेषेत तीन शेगड्या, एकावर एक. खालची मोठी, संगमरवर काढून नेल्यामुळं बोळक्या तोंडासारखी. मधलीही तशीच. आणि सगळ्यात वर ती लहान बिडाची, भोवती निळ्या फरश्या, आठ-दहा अजून चिकटलेल्या. क्लेमचा हात तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. खाली जमीन नाही, बाजूला दार नाही. तिच्या शेजारी भिंतीत चौकोनी भोकं होती, तुळया जिथं बसायच्या ती. त्यांतल्या तीन भोकांत लाकडाची थुटकं होती, काळी पडलेली. करवतीनं सरळ कापलेलं लाकूड कसं दिसतं ते विल्फला खालूनही ओळखू आलं. बत्तीस वर्षं ते तिथं उघड्यावर होतं, कुणीही मान वर करून बघावं असं. फक्त बघणाऱ्याला माहीत हवं होतं.

ट्रस्टची मुलगी हिरवं जाकीट घालून पुढं उभी होती. चांगली मुलगी, आवाज खणखणीत. तिनं घर कुणी बांधलं, कुणी वाढवलं ते सांगितलं, आणि मग हात वर केला. "ती वरची शेगडी मुलांच्या खोलीतली. ती का राहिली, माहीत आहे? घर पाडत होते तेव्हा एक मजूर झिंगून ती काढायला वर गेला आणि सरळ खाली आला. गावातले लोक म्हणतात, नोव्हेंबरात सकाळी इथं अजून व्हिस्कीचा वास येतो."

"मग आम्हाला नोव्हेंबरातच आणायचं होतं," एना म्हणाली. "मे महिन्यात काय मिळणार इथं?" सगळे हसले. एना पाच वर्षांपूर्वी रॉदरमहून आलेली, तिला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आयडा म्हणाली, "तो झिंगलेला नव्हता."

ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की दोघं-तिघं अजून हसतच होते.

"काय म्हणालात?" मुलीनं विचारलं.

"क्लेम स्टॅनिफर्थ. माझा नवरा, पहिला. तो प्यायचा नाही. त्याची दाढ दुखत होती. रात्रभर भिंतीला गाल लावून बसला होता. डॉक्टरकडं जाईना, रजा पडेल म्हणून. सकाळी मी शेजारच्या बाईकडून बाटली मागून आणली. त्याला नको होती. शपथ आहे म्हणाला. मी म्हटलं, औषधाला शपथ नसते. मीच खिशात घातली." तिनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "दुखणं सोसलं नसेल, जास्त घेतली असेल. सवय नव्हती ना. बाटली रिकामी होती, मी बघितली. म्हणून हसू नका. त्याला हसण्यासारखं त्यानं काही केलेलं नाही. केलं ते मी."

एनानं तोंडावर हात ठेवला होता. विल्फ आयडाच्या मागं उभा होता आणि त्याला तिच्या हॅटखालची मान दिसत होती. चौकशीच्या दिवशी जी वाकली होती ती. तो राग नव्हताच. एकोणतीस वर्षं ती त्याच्याशेजारी झोपली, त्याचे मोजे शिवले, रविवारी त्याला मांस वाढलं, आणि रोज सकाळी उठून स्वतःच्या हातानं ती बाटली क्लेमच्या खिशात घालत राहिली. आणि तो समोर बसून चहा पीत होता. एका वाक्यानं तिची सुटका करता आली असती, कुठल्याही सकाळी. त्या सकाळी किती होत्या याचा हिशेब त्याच्या डोक्यात मावेना. त्याला वाटलं, आता खाली बसावं गवतात. पण तो बसला नाही. तो म्हणाला, "आयडा, तुळया मी कापल्या होत्या."

ती वळली.

"आदल्या दिवशी. तिन्ही. त्या बघ, टोकं अजून आहेत वर. दार बंद करायचं होतं, केलं नाही. त्यानं एक थेंबही घशाखाली घातला नव्हता. कापूस लावला फक्त, माझ्यासमोर. बाटली भरलेली होती. बॅगशॉनं ओतून टाकली."

आयडा वर बघत राहिली. उन्हामुळं तिनं डोळ्यांवर आडवा हात धरला होता, रस्त्यावर बसची वाट बघताना धरतात तसा. मग तिनं विचारलं, "तू बघितलंस ओतताना?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. आणि चालत बसकडं गेली. गवतावर कुणीच बसलं नाही. परतताना ती एनाच्या शेजारी बसली. एना रडत होती आणि आयडा तिचा हात थोपटत होती.

ती घर सोडून जाईल असं विल्फला वाटलं होतं. जावी असंही वाटलं. ती गेली नाही. वरची लहान खोली तिनं झाडून घेतली आणि तिथं झोपू लागली. चहा वेळेवर मिळत होता. आठवडाभर ती एक शब्द बोलली नाही. मग एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, "त्या दिवशी लॉरीत तो कुठं बसला होता?" विल्फनं सांगितलं. "काही बोलला?" दाढेबद्दल बोलला, म्हणाला, दाढ नाही ही, सासुरवाडी आहे. आयडाच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला आणि ती तोंड फिरवून उभी राहिली. त्यानंतर रोज संध्याकाळी ती विचारायची. उलट्या बादलीवरचं सूप. तो कुठली भजनं म्हणायचा. डब्यातली पाई तो सगळी खायचा का कुणाला द्यायचा. विल्फ सांगायचा. चौदा महिन्यांचा संसार होता तिचा, आणि त्यातले दिवस क्लेमनं विल्फबरोबर काढले होते, ते ती आता एकेक करून मागून घेत होती. घरात क्लेम आला. स्वयंपाकघरात त्याचं हसणं, त्याचे लाल केस, त्याची बेसूर पट्टी. विल्फ बोलत असताना ती त्याच्याकडं बघायची नाही. तो ज्याच्याबद्दल बोलत होता त्याच्याकडं बघायची. आणि एकेक दिवस पुढं सरकत ती त्या बुधवारच्या सकाळी येऊन पोचणार हे विल्फला दिसत होतं. चुकवता येण्यासारखं नव्हतं. जूनच्या अखेरीला ती पोचली.

"वर जातोय असं त्यानं तुला सांगितलं होतं?"

"हो. खिडकीतून."

"तेव्हा तुला आठवलं नाही?"

एक उत्तर तयार होतं. ते त्यानं कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं, स्वतःसाठीसुद्धा. त्यानं हात टेबलावर ठेवले.

"आठवलं."

"मग हाक का नाही मारलीस?"

"बॅगशॉला कळलं असतं."

आयडानं फडकं नीट घडी करून दांडीवर टाकलं. बाहेर शेजाऱ्याचा कुत्रा भुंकत होता. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"नुसता उभा राहिलास?"

"नाही. चालत निघालो. वर जाऊन सांगणार होतो. अकरा पायऱ्या चढलो होतो."

"मोजत होतास?"

"तेव्हा नाही. नंतर."

ती त्याच्या हातांकडं बघत बसली. मग उठून वर गेली आणि तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. त्यानंतर तिनं त्याला क्लेमबद्दल काहीही विचारलं नाही. विल्फ संध्याकाळी टेबलाशी बसून राहायचा, न जाणो विचारील म्हणून. सांगण्यासारख्या दोन-तीन गोष्टी त्याच्याकडं अजून शिल्लक होत्या. त्या तिनं मागितल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये ती म्हणाली, "कोट घाल. तारीख सांगायला लागेल, माझी चुकायची." दगड कोरणाऱ्याचं दुकान दफनभूमीच्या फाटकासमोर होतं. जाडजूड, बोलका माणूस, मिशांमध्ये दगडाची भुकटी. आयडानं राखाडी दगड निवडला. मजकूर तिनं लिहूनच आणला होता : क्लेमंट स्टॅनिफर्थ, वय सत्तावीस, आयडाचा नवरा. त्यानं तारीख विचारली. विल्फनं सांगितली. त्यानं वार विचारला, तसाच, सहज. विल्फनं तोही सांगितला. त्या माणसानं पेन्सिल कानामागं खोचली आणि आपलेपणानं विल्फकडं बघत म्हणाला, "भाऊ का त्यांचे?"

विल्फनं तोंड उघडलं. पण आयडाच बोलली, पर्स बंद करत.

"नाही," ती म्हणाली. "हा तिथं होता."